दाखला, पट आणि चार दिवस

पत्र थोडक्यात देतो. गावाचं नाव मुद्दाम गाळलं आहे.

"सर, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. माझी मुलगी यंदा आठवी पास होईल. खो-खो खेळते. शाळा दोन वर्षं तालुक्याला पहिली आली, गेल्या वर्षी जिल्ह्याला उपांत्य फेरीत हरली. तिथं धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेच्या सरांनी तिला पळताना पाहिलं आणि नंतर ते घरीच आले. म्हणाले, नववीला आमच्याकडे द्या, फी नको, राहायची सोय करतो, बूट-कपडे आमचे. सचिननेसुद्धा शाळा बदलली होती म्हणाले. इकडे आमचे मुख्याध्यापक दाखला द्यायला तयार नाहीत. कुणी सांगतं, शाळा बदलली की एक वर्ष खेळता येत नाही. अजून एक अडचण म्हणजे तिचा जन्म 28 डिसेंबरचा आहे. ते सर म्हणाले, चार दिवसांनी 14 वर्षांखालचा गट हुकतोय, पण ते आम्ही बघून घेऊ, नव्या नोंदीत जानेवारी करून टाकू. हिचे वडील म्हणतात, दारात आलेली संधी सोडू नये. मला रात्रीची झोप नाही. काय करू?"

ताई,

आधी ती एक वर्षाची भीती काढून टाकू. शाळा बदलली म्हणून पोराला वर्षभर बाहेर बसवायचं, हा प्रकार अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये आहे. तिथं बऱ्याच राज्यांत घर न बदलता नुसती शाळा बदलली, तर काही काळ, कधी कधी पूर्ण वर्ष, शाळेच्या मुख्य संघातून खेळता येत नाही. खेळासाठी पोरं पळवू नयेत हा त्यामागचा हेतू. असलं काहीतरी मोबाइलवर फिरत येतं आणि आपल्याकडे पारावर त्याचा 'नियम' होतो.

तुमची मुलगी खेळते त्या शासकीय शालेय स्पर्धा आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जाणाऱ्या, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या देखरेखीखाली होणाऱ्या. तिथं पहिला प्रश्न असतो, मुलगी कुणाच्या पटावर आहे? ज्या शाळेच्या हजेरीत तिचं नाव, त्याच शाळेचे मुख्याध्यापक तिच्या प्रवेशिकेवर सही-शिक्का मारणार. आणि एका वर्षी एका शाळेच्या यादीत नाव गेलं की त्याच वर्षी, त्याच स्पर्धेत दुसऱ्या शाळेकडून उतरायचं नाही. म्हणजे सगळा खेळ तारखेचा आहे. जूनमध्ये बदललेली शाळा आणि ऑगस्टमध्ये बदललेली शाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हे मी हात पोळून शिकलोय. नोकरीला लागून तिसरं वर्ष होतं. शेजारच्या गावात एक मुलगा होता, पोलला हात घालून वळला की मागच्याच्या हाताला नुसती हवा लागायची. भर ऑगस्टमध्ये मी त्याच्या वडिलांना गाठलं, दाखला काढायला लावला आणि आमच्या यादीत बारावा म्हणून त्याचं नाव लिहिलं. त्याच्या जुन्या शाळेची यादी जुलैतच गेली होती आणि त्यात तो पहिल्या नंबरवर होता, हे मी विचारलंच नाही. जिल्ह्याला पहिला सामना आम्ही डावाने जिंकला. समोरच्या शाळेचे व्यवस्थापक शांतपणे टेबलापाशी गेले. हरकतीचा अर्ज, वर फी, आणि दोन्ही याद्यांच्या झेरॉक्स. पंधरा मिनिटांत आमचा संघ बाद. बाकीची अकरा पोरं चुन्याच्या रेषेबाहेर बसून मोजे काढत होती आणि एकानेही त्या मुलाकडे पाहिलं नाही. पुढच्या वर्षी तो खेळायला आलाच नाही. यादीवरचं नाव माझ्या अक्षरात होतं.

तर तुमच्या बाबतीत, बदलायचीच असेल तर 1 मेला निकाल लागल्यावर दाखल्याचा अर्ज आणि जूनमध्ये शाळा उघडताना नवा प्रवेश. कुठलीही यादी जायच्या आत. त्याआधी एक काम करा. यंदाच्या शालेय स्पर्धांचं परिपत्रक जिल्हा क्रीडा कार्यालयातून मिळवा. प्रवेशाची शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रं, वयाची तारीख सगळं त्यात असतं. शंका असेल तर साध्या कागदावर लेखी विचारा आणि प्रतीवर पोच घ्या. आवक क्रमांकाचा शिक्का बसलेला तो कागद उद्या हरकत आली तर उपयोगी पडेल. "सर म्हणाले होते" हे टेबलावर कुणी ऐकत नाही.

आणि नुसता दाखला हातात आला म्हणजे मुलगी नव्या शाळेत गेली असंही नाही. आता पट संगणकावरही असतो. यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर जुन्या शाळेने तिला सोडावं लागतं, मगच नवी शाळा तिला आपल्या यादीत ओढून घेऊ शकते. दाखला जूनमध्ये निघाला आणि पोर्टलवर पोरगी सप्टेंबरपर्यंत जुन्याच शाळेत बसली आहे, असे घोळ मी पाहिलेत. नव्या शाळेच्या लिपिकाला समोर बसून स्क्रीनवर नाव दाखवायला सांगा. ते कुरकुरतील, कुरकुरू द्या.

आता तुमच्या मुख्याध्यापकांकडे येऊ. दाखला अडवायचा त्यांना अधिकार नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा आहे, त्यामुळे नववीच्या प्रवेशाला तो थेट लावता येत नाही, पण दाखल्याबद्दल तो काय म्हणतो ते माहीत असू द्या. त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे की मुलाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. उशीर केला तर त्यांच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. शिवाय दाखल्याला उशीर झाला एवढ्या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही, हेही त्याच कलमात आहे. एक बारकावा लक्षात ठेवा. बदली मागण्याचा हा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे. नवी शाळा विनाअनुदानित असेल तर प्रवेश देणं न देणं त्यांच्या मनावर. पण जुन्या शाळेने दाखला अडवायचं कारण तरीही नाही. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आठवडाभरात हललं नाही तर त्याच अर्जाची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. बहुतेक वेळा तिथं जाणार असल्याचं कळलं की दाखला तयार होतो.

पण त्यांच्याशी भांडून निघू नका. ते नुसते आडमुठे आहेत असं मला वाटत नाही. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरतं. खेड्यातल्या शाळेत दोन-चार पोरं कमी झाली की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो. आणि वर त्यांची सगळ्यात चपळ पोरगी कुणीतरी बाहेरचा घरी येऊन मागतोय. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर मलाही राग आला असता.

दाखला मिळाला की कार्यालयातच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, दोन्ही जुळतात का ते पाहा. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात "पालकांच्या विनंतीवरून" एवढं पुरे.

जन्मतारखेवर मी जरा जास्त बोलणार आहे. तुमची झोप खरं तर तिथंच उडाली आहे आणि ती उडाली हे बरंच झालं.

शालेय स्पर्धेत वय कॅलेंडर वर्षाने मोजतात, 1 जानेवारी ते 31 डिसेंबर. त्यामुळे 28 डिसेंबरला जन्मलेली तुमची मुलगी आणि चार दिवसांनी, 1 जानेवारीला जन्मलेली दुसरी मुलगी वर्गात एका बाकावर बसतात, पण मैदानात एक पूर्ण मोसम लांब जातात. दुसरीला 14 खाली अजून एक वर्ष मिळतं, तुमचीला नाही. डिसेंबरच्या पोरांवर हा अन्याय आहे का? आहे. रेघ कुठेतरी ओढावी लागते आणि रेघेला लागून उभं राहणाऱ्याला ती बोचते.

पण त्या सरांनी सांगितलेली युक्ती नीट समजून घ्या. नवी शाळा जनरल रजिस्टरला जन्मतारीख लिहिते ती जुन्या दाखल्यावरून. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे ही नोंद शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि परवानगी मिळते ती खरी चूक दुरुस्त करायला, सोय करायला नाही. म्हणजे "जानेवारी करून टाकू" याचा अर्थ एकच, खोटा कागद. तो कागद ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीशी जुळणार नाही, आधारशी जुळणार नाही, पोर्टलवरच्या जुन्या नोंदीशी जुळणार नाही. चार दिवसांचा फरक हाडांच्या एक्स-रेत कुणालाही दिसणार नाही, हे मी कबूल करतो. पण कागदात तो दिसेल. आणि गेल्या वर्षी जिल्ह्याला जी प्रवेशिका गेली, तिच्यावर 28 डिसेंबर लिहून ठेवलेलंच आहे. तुमच्याशी उपांत्य फेरीत खेळलेल्या शाळेकडेसुद्धा झेरॉक्स असते.

वयचोरीविरुद्ध केंद्राने 2010 मध्ये राष्ट्रीय संहिता आणली, पण मला त्याहून जवळची भीती वाटते. आपल्याकडे शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीला उभ्या राहणाऱ्या किती पोरी त्या आशेवर धावतात ते तुम्हाला गावातच दिसत असेल. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून ही तपासणी कडक झाली आहे. आज 13 वर्षांच्या मुलीच्या नावावर कुणीतरी खेळलेली लबाडी ती 22 वर्षांची असताना, नेमणुकीच्या तोंडावर, तिच्यापुढे येऊन उभी राहील. तेव्हा ते सर कुठं असतील?

आणि हे सगळं कशासाठी, तर 14 खालच्या एका मोसमासाठी. त्यापेक्षा पुढचा हिशोब मांडा. 17 खालच्या गटात तिला नववी, दहावी, अकरावी अशी तीन वर्षं मिळतात. पहिलं वर्ष जड जाईल, 16 वर्षांच्या मुली तिला पहिल्या मिनिटात धरतील. मग ती दीड मिनिट पळेल, मग दोन. खो-खोत मुलगी तयार होते ती अशीच.

सचिनचं उदाहरण तर आता प्रत्येक सरांच्या खिशात असतं. खरं आहे, तो वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात गेला तो आचरेकर सरांच्या सांगण्यावरून, आणि तिथूनच 1988 मध्ये हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीबरोबर 664 धावांची ती भागीदारी झाली. पण गोष्ट सांगताना एक धागा गाळला जातो. शिवाजी पार्कजवळ त्याचे काका-काकू राहायचे आणि तो त्यांच्याकडे राहिला. शहर तेच, माणसं घरची, आणि सर असे की रोज संध्याकाळी मैदानात उभे. तुमच्या मुलीला यातलं काय मिळणार आहे, ते बघू.

"राहायची सोय करतो" म्हणजे नेमकं कुठं? शाळेचं मान्यताप्राप्त वसतिगृह आहे, की सरांनी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या? रात्री तिथं बाई अधीक्षक राहतात का? मुलींचा संघ परगावी जातो तेव्हा सोबत महिला व्यवस्थापक असते का? हे विचारताना संकोच करू नका, समोरचा माणूस भला असेल तर त्याला राग येणार नाही. तिथं आधीपासून राहणाऱ्या एखाद्या मुलीच्या आईला फोन करा, सरांनी दिलेल्या नंबरवर नव्हे, स्वतः शोधून काढलेल्या.

दुसरं, यादीत बारा आणि मैदानात नऊ. तुमच्या शाळेत ती पहिल्या तिघींत उतरत असेल, डाव तिच्यावर चालत असेल. तिकडे 17 च्या संघात दहावी-अकरावीच्या मुली आहेत. सरांना विचारा, यंदा किती मुली बाहेर पडतायत? उत्तर "दोन" असं आलं तर तुमची मुलगी वर्षभर राखीव बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळेल. नियमाने पात्र असणं वेगळं आणि खेळायला मिळणं वेगळं. पालक पहिल्याची चौकशी करतात आणि दुसरं गृहीत धरतात.

तिसरं, जिल्हा बदलला की तिची वाटही बदलते. सोलापूर पुणे विभागात, धाराशिव लातूर विभागात. राज्यापर्यंत तिचे प्रतिस्पर्धी वेगळे होतील, जे फायद्याचंही ठरू शकतं. पण खो-खो संघटनेच्या स्पर्धांमध्ये ती कुठल्या जिल्ह्याकडून खेळणार, याचाही निर्णय त्याच वेळी करावा लागेल.

आणि अभ्यास. नववीत गेली तर दहावीला तीच शाळा असेल, बोर्डाचा अर्ज तिथूनच भरला जाईल, खेळाच्या वाढीव गुणांचा प्रस्तावही तिथूनच जाईल. मधेच रडत घरी आली तर दहावीच्या वर्षात पुन्हा शाळा शोधणं फार कठीण जातं. म्हणून जायचं तर दोन वर्षांचा विचार करून जायचं.

आता माझं मत. शाळा बदलायला माझा विरोध नाही. चांगल्या प्रशिक्षकामागे पोरं जाणारच, गेलीच पाहिजेत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, मुलींनी जिंकला, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. तेव्हापासून चपळ पोरींच्या दारात सरांच्या मोटारसायकली जरा जास्तच थांबायला लागल्यात, आणि त्यात वाईट काही नाही. पण ज्या माणसाने तुमच्या घरात बसून, तुमचा चहा पिता पिता, मुलीची जन्मतारीख बदलू म्हटलं, त्याच्याकडे मी माझी मुलगी ठेवणार नाही. तो उद्या तिच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दलही असंच "बघून घेऊ" म्हणेल. यजमानांना हे तुमच्या शब्दांत सांगा. संधी दारात आली हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण ती संधी म्हणजे ती मुलगी स्वतः आहे. तिला पळताना पाहून एक सर आले, तर अजूनही येतील.

यंदा काय करता येईल? तालुक्यात किंवा जवळच्या मोठ्या गावात खो-खोचं मंडळ शोधा. सोलापूर जिल्ह्यात ते अवघड नाही. संघटनेच्या 18 खालच्या मुलींच्या निवड स्पर्धा मंडळांमार्फत होतात. तिथं शाळेचा दाखला बदलावा लागत नाही, जिल्ह्याकडून खेळायचं असतं. राज्य, मग राष्ट्रीय, आणि त्या गटातल्या सर्वोत्तम मुलीला जानकी पुरस्कार, हे नाव तिने ऐकलं असेलच. सकाळी शाळेचा सराव, आठवड्यातून तीन संध्याकाळी मंडळात मोठ्या मुलींबरोबर. शाळेकडून 17 चा संघ उतरवा म्हणून मुख्याध्यापकांना तुम्हीच भेटा. ज्या मुलीसाठी ते दाखला अडवून बसले होते तिच्यासाठी मॅट नाही तरी दोन चांगले पोल आणि बूट तरी मागा. या घडीला ते नाही म्हणणार नाहीत.

वर्षाने दुसरी एखादी शाळा, नीट चौकशी करून, सरळ कागदावर बोलावत असेल तर मला पुन्हा लिहा.

राहिलं एक. पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने, बहुधा मुलीनेच, लिहिलंय, "शाळा बदलली तर माझी जुनी सर्टिफिकेटं चालतील का?" चालतात, बाळा. ती तुझ्या नावाची आहेत, शाळेच्या नावाची नाहीत. पण तुझ्याकडे आहेत का ती? बहुतेक शाळांत तालुक्याची, जिल्ह्याची प्रमाणपत्रं गठ्ठ्याने येतात आणि क्रीडा साहित्याच्या कपाटात, हवा गेलेल्या व्हॉलीबॉलखाली पडून राहतात. शाळा बदल किंवा नको बदलू, सुट्टी लागायच्या आत सरांना सांगून ते कपाट उघड, आपली दोन्ही वर्षांची मूळ प्रत काढ आणि नावातली वेलांटी तपासून घे. किल्ली शिपाईमामांकडे असते.